मीटरची काच आणि चाकणचं ऊन

चाकणच्या बजाजमधून 2001 मध्ये पल्सर बाहेर पडली तेव्हा तिच्या मीटरात काटेच होते. 2007 च्या 220 मध्ये आरपीएमचा काटा राहिला, स्पीड मात्र काचेवर आकड्यांत उमटू लागला. मी तेव्हा भोसरीत मीटर बनवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटीला होतो. आमच्याकडे एलसीडीचा नवा लॉट आला की नमुने आधी ओव्हनमध्ये जायचे.

एलसीडीचा इतिहास सांगणारे टीव्हीबद्दल बोलतात. मला विचाराल तर तो उष्णतेशी चाललेल्या झटापटीचा इतिहास आहे. 1888 मध्ये प्रागला फ्रीडरिश रायनिट्झरने पाहिलं, की कोलेस्टेरिल बेंझोएट 145.5 अंशांना वितळून गढूळ होतं आणि 178.5 ला नितळ. मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. पण इतका तापलेला पदार्थ घड्याळात घालून मनगटावर कोण बांधणार? 1968 मध्ये आरसीएच्या जॉर्ज हाइलमायरने डिस्प्ले दाखवले, 1970 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेलफ्रिशने पिळाची रचना काढली. खरी अडचण टिकाऊ पदार्थाची होती. ती इंग्लंडात हल विद्यापीठात जॉर्ज ग्रेच्या सायनोबायफेनिलांनी सोडवली. त्यातलं फाइव्ह-सीबी चालतं साधारण 35 अंशांपर्यंत. आपल्याकडे एप्रिलात दुपार व्हायच्या आतच त्याने मान टाकली असती. म्हणून मग मिश्रणं आली. ई-सेव्हन जवळपास 60 अंशांपर्यंत तग धरतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या मीटरसाठी त्याहून सोसणारी लागतात.

ओव्हनमध्ये मर्यादा ओलांडली की अख्खी काच काळी व्हायची, निवली की पुन्हा पूर्ववत. कारण सरळ आहे. दोन काचांमध्ये काही मायक्रॉनची फट, तीत रेणू 90 अंशांच्या पिळात मांडलेले. बाहेरून दोन पोलरायझर, एकमेकांना काटकोनात. पिळातून जाताना प्रकाश वळतो आणि दुसऱ्या पोलरायझरमधून सुटतो. एखाद्या सेगमेंटला व्होल्टेज दिलं की तिथला पीळ मोडतो, प्रकाश अडतो, तेवढा तुकडा काळा दिसतो. उष्णतेने सगळीकडचाच पीळ मोडतो. आठाचा सहा दिसला तर मात्र ओव्हनला दोष द्यायचा नाही. बहुतेकदा काच आणि पीसीबी जोडणारी झेब्रा पट्टी नीट बसलेली नसते.

वर्षानुवर्षं उन्हात राहून जुन्या गाड्यांचा पोलरायझर करपतो. गॅरेजवाले तो ब्लेडने खरवडून नवी फिल्म लावतात. फिल्म 90 अंशांनी फिरवून लावली की काळ्यावर पांढरे आकडे येतात. काही पोरं मुद्दाम तशीच लावून घेतात.