नवव्या मजल्याचे दार

स्मारिकेसाठी शिवणवर्गाचा वृत्तांत लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले होते. किती झंपर शिवले आणि किती भगिनी परीक्षेस बसल्या, ते अहवालात येईलच. मला सांगायची आहे ती दुसऱ्याच एका शिवणघराची हकीकत. ते होते फार दूर, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात. पण ही हकीकत वाचल्यापासून आपल्या वर्गाच्या मागल्या दाराकडे मला पूर्वीसारखे पाहवत नाही.

ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी हे त्या कारखान्याचे नाव. शर्टवेस्ट म्हणजे तिकडच्या बायकांचे झंपरच म्हणा ना! दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याकडे होते. कामाला सुमारे ५०० माणसे, त्यांत बहुतेक तरुण मुली. इटलीहून आणि पूर्व युरोपातून पोटासाठी आलेल्या घरांतल्या. १९०९ साली शहरातील झंपर शिवणाऱ्या हजारो मुलींनी मोठा संप केला, त्यात याही होत्या. मालकांनी संघटना मात्र मान्य केली नाही.

२५ मार्च १९११, शनिवार. सुटीची घंटा होण्याच्या सुमारास आठव्या मजल्यावर, कापड बेतण्याच्या मेजाखाली साठलेल्या कातरणाने पेट घेतला. बहुधा कोणीतरी टाकलेली जळती काडी किंवा सिगारेटचे थोटूक. कातरण कसे पेटते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यात वर टांगलेले कागदी बेत. आठव्या मजल्यावरून दहाव्यावर टेलिफोन गेला, आणि तेथील मालकमंडळी व इतर बहुतेक माणसे गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निघून गेली. मधल्या नवव्या मजल्याला कोणीच कळवले नाही.

नवव्या मजल्यावर दोन जिने होते. एका जिन्याला थोड्याच वेळात आगीने वेढले. दुसऱ्याचे दार कुलूपबंद! कारण काय, तर मुलींनी कापड किंवा तयार झंपर लपवून नेऊ नये. सुटताना सर्वांनी एकाच दाराने जायचे आणि तेथे पिशवी उघडून दाखवायची, असा शिरस्ता होता. पुढे खटल्यात एका मालकाने कबूल केले, की चोरीस गेलेल्या मालाची किंमत २५ डॉलरपेक्षा अधिक नसेल.

बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. लिफ्ट चालवणाऱ्यांनी शक्य तितक्या खेपा करून पुष्कळ जणींना वाचवले. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. खाली रस्त्यावर माणसे वर पाहत उभी होती, आणि मुली खिडक्यांतून उड्या टाकत होत्या. याहून अधिक लिहवत नाही. १४६ माणसे गेली, त्यांत १२३ स्त्रिया व मुली.

त्याच वर्षी डिसेंबरात मालक निर्दोष सुटले. दाराला त्या क्षणी कुलूप आहे हे त्यांना माहीत होते, असे सिद्ध झाले नाही. त्यांतल्याच एकाला १९१३ साली पुन्हा कामाच्या वेळी दार कुलपात ठेवल्याबद्दल दंड झाला. दंड २० डॉलर! वाचून माझा तर संतापच झाला.

रस्त्यावरून पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुण बाई होती. आगीनंतर नेमलेल्या चौकशी मंडळाच्या कामात तिने भाग घेतला, आणि न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांसाठी अनेक नवे कायदे केले. १९३३ साली ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली. त्या देशाच्या मंत्रिमंडळातील पहिली स्त्री. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले गेले, की आत माणसे असताना बाहेर पडण्याचे दार आतून चटकन उघडेल असेच असावे आणि ते बाहेरच्या बाजूस उघडावे.

आता आपल्या मागल्या दाराविषयी. दोन वर्षांपूर्वी वर्गातून काही रिळे आणि झंपराचे कापड नाहीसे झाले, तेव्हा त्या दाराला कुलूप लावले ते मीच. किल्ली माझ्या कमरेला असे, आणि मी बाजारात गेले की तीही बाजारात! आत वीस-बावीस जणी, इस्त्री तापलेली, दारापाशी कातरणाचे बोचके. कोणी मला काही म्हटले नाही. मलाही काही वाटले नाही.

कुलूप मी काढले आहे. आतून कडी आहे. कातरण रोज संध्याकाळी उचलले जाते; त्याची पाळी फळ्यावर लिहिली आहे. दार मात्र अजून आतच उघडते. सुताराला सांगितले आहे. गणपतीनंतर येतो म्हणाला.