पदवी दाराशी आली

नोकरी व संसार सांभाळून शिक्षिकेने पुढची पदवी घ्यावी, ही सोय आपोआप झालेली नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे मातृभाषेतून शिक्षण मिळे, आणि घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेस बसता येई.

आपला खानदेश मात्र विद्यापीठापासून दूरच राहिला. १९४९ पासून तो पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. जळगावास स्वतंत्र विद्यापीठ १९९० साली आले. त्याच्या आदल्या वर्षी नाशकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पुस्तके घरी, तास सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात. शाळा न सोडता शिक्षिकेला शिक्षणशास्त्रात एम.ए. होता येऊ लागले, मुख्याध्यापकांना शालेय व्यवस्थापन शिकता येऊ लागले.

परंतु पदवी दाराशी आली तरी वेळ कोण आणून देणार? जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या खानदेशातील लेकीसुनांना अभ्यासासाठी संध्याकाळचे दोन तास मोकळे करून देणे, एवढे तरी आपल्या घराघरांतून घडावे.