मॅनर लॉर्ड्समधला बाजार आणि त्याखालची जमीन

गेल्या महिन्यात माझ्या गावातली नऊ कुटुंबं ऐन हिवाळ्यात सरपणाशिवाय राहिली आणि चूक पूर्णपणे माझी होती. लाकूड होतं, भरपूर होतं. पण बाजाराचं मैदान मी चर्चजवळ आखलं आणि नवी घरं मात्र नदीच्या बाजूला बांधत गेले. 'मॅनर लॉर्ड्स'मध्ये बाजाराजवळच्या घरांना माल आधी पोचतो. माल कमी पडला की फटका टोकाच्या घरांना.

हा गेम २०२४च्या एप्रिलमध्ये आला. ग्रेग स्तिचेन या पोलिश माणसाने तो एकट्याने करायला घेतला होता. मी तो खेळते हे गाईडना सांगितलेलं नाही, कारण पुढचा प्रश्न "चॅप्टर कधी देताय?" हाच असणार. पण खरं सांगू का, माझ्या विषयाच्या इतक्या जवळचा दुसरा गेम नाही. एम.एस्सी. मी संख्याशास्त्रात केलं. आता पीएच.डी.साठी मध्ययुगीन युरोपातल्या बाजारगावांचे नकाशे मोजते: बाजार एकमेकांपासून किती लांब असायचे, आणि ते अंतर ठरवायचं कोण.

गेममध्ये ठरवणारे आपण. माउस ओढायचा, हिरव्या गवतावर चौकोन काढायचा, झाला बाजार. गावातली कुटुंबं तिथे टपऱ्या मांडतात: खाण्याच्या वस्तू, सरपण, कपडे. गंमत म्हणजे या बाजारात पैसे कोणी कोणाला देत नाही. माल घरोघर वाटला जातो, एवढंच. बाजार कसला, रेशनचं दुकान आहे ते! गेम म्हणून हे ठीकच आहे. प्रत्येक पावाचा भाव ठरवत बसलो तर खेळणार कधी? पण खऱ्या मध्ययुगीन बाजाराचा कणाच यात गळतो. तो बाजार कोणाच्या तरी मालकीचा असायचा. भरवण्याचा हक्क राजाकडून मिळवावा लागे, आणि टपरी लावणाऱ्याकडून जागेचे पैसे, मालावरचा कर हक्कदार वसूल करी.

म्हणून अंतराला महत्त्व. तेराव्या शतकातला इंग्लंडमधला कायद्याचा ग्रंथ ब्रॅक्टनच्या नावाने ओळखला जातो. त्यात एक सुंदर हिशोब आहे. माणूस दिवसाला २० मैल चालतो असं धरा. त्याचे तीन भाग करा. पहिला भाग सकाळी बाजाराला जायला, दुसरा खरेदी-विक्रीला, तिसरा घरी परतायला. म्हणजे अंधारात चोर-दरोडेखोरांची भीती नको. आला आकडा ६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल, साधारण पावणेअकरा किलोमीटर. जुन्या बाजारापासून एवढ्या अंतराच्या आत नवा बाजार भरला तर तो जुन्याला उपद्रव.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, वा, काय शेतकऱ्याच्या सोयीचा नियम! मग कागद घेऊन बसले. बाजार मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांपासून पावणेअकरा किलोमीटरवर मांडले, तर सगळ्यात लांबच्या शेतकऱ्यालाही जेमतेम सहा किलोमीटर चालावं लागतं. चालणाऱ्याची मर्यादा पावणेअकरा असेल तर बाजार साडेअठरा किलोमीटरवर ठेवूनही कोणी अंधारात सापडत नाही. मग एवढा कमी आकडा कशासाठी? कारण हिशोब शेतकऱ्याच्या पायांनी मांडलेला असला तरी तो बाजाराच्या मालकासाठी आहे. जो माणूस चालत माझ्याकडे येऊ शकला असता, तो तुझ्याकडे का जावा, एवढाच प्रश्न. (आपल्याकडे शेजारशेजारच्या गावांनी आठवडी बाजाराचे वार वाटून घेतलेले असतात. ती तडजोड मला या नियमापेक्षा शहाणी वाटते.)

आणि भांडण अंतरावर थांबायचं असंही नाही. इलीच्या मठाने १२०२च्या सुमारास लेकनहीथला नवा बाजार सुरू केला. बरी सेंट एडमंड्सचा मठाधिपती सॅमसन याचं म्हणणं, आमच्या हक्काच्या प्रदेशात हे चालणार नाही. लेकनहीथ ते बरी हे अंतर ब्रॅक्टनच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त आहे, तरीही. सॅमसनने रातोरात सुमारे ६०० हत्यारबंद माणसं पाठवली. त्यांनी टपऱ्या उलथल्या आणि जनावरं हाकून नेली. हे लिहून ठेवलं आहे ते सॅमसनच्याच मठातल्या जोसेलिन नावाच्या भिक्षूने.

इथपर्यंत हे सगळं मी मित्रमैत्रिणींना मजेत सांगते. पुढचं सांगताना आवाज बदलतो.

'मॅनर लॉर्ड्स'ची पार्श्वभूमी चौदाव्या शतकाच्या अखेरची फ्रँकोनिया, म्हणजे आजच्या बव्हेरियाचा उत्तर भाग. तिथलं मोठं शहर न्यूरेंबर्ग. पेग्निट्झ नदीच्या अलीकडे एक वस्ती, पलीकडे एक, आणि मधली नदीकाठची जमीन दलदलीची. ज्यू लोकांची वस्ती होती ती या मधल्या जागेत. दोन्ही वस्त्या वाढून एका तटबंदीत आल्या आणि ही नको असलेली जमीन शहराच्या ऐन मध्यावर आली. शहराला मोठा चौक हवा होता. १६ नोव्हेंबर १३४९ रोजी चौथ्या चार्ल्सने लेखी परवानगी दिली: ज्यूंची घरं पाडा, तिथे दोन चौक करा, आणि सिनॅगॉगच्या जागी मेरीचं चर्च बांधा. ज्यू हे राजाच्या संरक्षणाखालचे लोक मानले जात, त्याबद्दल ते त्याला कर देत. त्याच राजाची ही सही. ५ डिसेंबरला कत्तल झाली. किमान ५६२ माणसं मारली गेली.

तो चौक म्हणजे आजचा हाउप्टमार्क्ट. सिनॅगॉगच्या जागी फ्राउएनकिर्श उभं आहे. डिसेंबरात पर्यटक ज्या प्रसिद्ध नाताळ बाजाराला जातात, तोही याच चौकात भरतो.

माझ्या डेटाच्या तक्त्यात न्यूरेंबर्ग ही एक ओळ होती: अक्षांश, रेखांश, बाजार आहे. बस. आमच्या विषयात बाजार हा बिंदू असतो. ही सवय आम्हाला लावणाऱ्यांत वॉल्टर ख्रिस्टालर मोठा. दक्षिण जर्मनीतल्या गावांवरचा त्याचा प्रबंध १९३३ साली प्रसिद्ध झाला, काम केलं होतं एर्लांगेनला, म्हणजे न्यूरेंबर्गला अगदी लागून. सपाट, सगळीकडे सारखी जमीन कल्पायची आणि तिच्यावर षटकोनांत बाजार बसवायचे, ही त्याची पद्धत. वर मी जो कागदावरचा हिशोब केला तोही याच घराण्यातला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ख्रिस्टालर नाझींच्या नियोजन यंत्रणेत होता. तिथे हीच षटकोनं जिंकलेल्या पोलंडवर मांडून नव्या जर्मन वस्त्या कुठे बसवायच्या हे आखलं गेलं. तिथे राहणाऱ्या माणसांना हाकलायचं, हे त्या आखणीत गृहीतच होतं.

मी षटकोनं टाकून दिलेली नाहीत. ब्रॅक्टनचा हिशोब कोणाच्या बाजूचा आहे हे मला त्यांच्यामुळेच दिसलं. पण तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: 'बाजाराआधी त्या जागेवर काय होतं'. भरायला वेळ लागतोय. प्रत्येक गावाचे जुने दस्त वेगळे शोधावे लागतात, आणि माझं जर्मन अजून डिक्शनरीच्या कुबड्यांवर चालतं. न्यूरेंबर्गची ओळ भरली. वुर्झबर्गचीही भरली, तिथे मुख्य चौकातलं मेरीचं चर्च सिनॅगॉगच्या जागेवर आहे. बाकी रकाना बराचसा रिकामा आहे.

गेममध्ये नदीकडे दुसरं मैदान आखून दिलंय. सरपण पोचतंय आता.