बेताल नाडीचा माग

वैद्य मनगटावर तीन बोटं टेकवून डोळे मिटत, तेव्हा त्यांना आत काय कळतं याचं मला लहानपणी फार कुतूहल वाटे. हाच प्रश्न एका इंग्रजी गावातल्या डॉक्टरला वेगळ्या कारणानं पडला होता.

बर्नली हे कापडगिरण्यांचं गाव. डॉ. जेम्स मॅकेन्झी १८७९ मध्ये तिथं दवाखाना चालवायला आले. हृदयविकार असलेली एक गर्भवती त्यांच्या डोळ्यांदेखत बाळंतपणात दगावली. कुणाचं हृदय तगेल आणि कुणाचं नाही, हे आधी ओळखायचं कसं? या प्रश्नानं त्यांना झपाटलं. पुढं एका घड्याळजीच्या मदतीनं त्यांनी यंत्र बनवलं. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचं स्पंदन, दोन्ही एकाच कागदी पट्टीवर शाईनं उमटत. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावले की मानेतल्या शिरेत एक छोटी लाट उठते. झडप अरुंद झालेल्या एका जुन्या रुग्णाची नाडी अचानक पार बेताल झाली आणि पट्टीवरून ती लाटच गायब झाली! मॅकेन्झींना वाटलं, वरचे कप्पे लुळे पडले. तर्क चुकला, निरीक्षण अचूक होतं.

उलगडा झाला १९०९ मध्ये. लंडनला थॉमस लुईस यांनी आइंटहोवेन यांच्या नव्या ईसीजी यंत्रानं आणि त्याच वर्षी व्हिएन्नात रोटबर्गर व विंटरबर्ग यांनी दाखवलं, की ते कप्पे लुळे नव्हते, मिनिटाला शेकडो वेळा नुसते थरथरत होते. हेच एट्रियल फिब्रिलेशन. गंमत म्हणजे ज्यांच्या कामातून हे सुरू झालं, त्या मॅकेन्झींचा शेवटपर्यंत यंत्रापेक्षा रुग्णाजवळ बसण्यावर भरवसा अधिक होता.

थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं. तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली, की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या पाहणीनं १९७८ मध्ये ही जोखीम मोजली. झडपेचा संधिज्वरजन्य विकार नसतानाही धोका पाचपटींहून अधिक, आणि तो असेल तर सतरापटींच्या घरात. वाढतं वय, रक्तदाब, मधुमेह ही कारणं त्याच पाहणीतून पुढं आली. लठ्ठपणा, मद्य, थायरॉइडचा अतिरेक यांचीही त्यात भर आहे.

आपल्याकडे मात्र म्हातारपणाची वाट पाहावी लागतेच असं नाही. लहानपणी घसा दुखून आलेला संधिज्वर झडप अरुंद करून जातो, आणि ऐन तिशी-चाळिशीत नाडी बेताल होते. मॅकेन्झींच्या त्या रुग्णाची झडपही अशीच अरुंद होती.