लाइट रोस्ट कॉफीची कोल्ड ब्रू घरी करताना: कृती, कॅफीनचे प्रमाण आणि कोणी जपून प्यावी

उन्हाळा सुरू झाला की ओपीडीत छातीत धडधड, झोप न लागणे, हात थरथरणे अशा तक्रारी घेऊन काही तरुण रुग्ण येतात. चहा-कॉफी किती घेता, असे विचारले की उत्तर मिळते, "डॉक्टर, दिवसातून एकच ग्लास कोल्ड ब्रू." तो ग्लास किती मोठा आणि त्यातली कॉफी किती दाट, हे विचारल्यावर खरे कारण समोर येते. कोल्ड ब्रू चवीला सौम्य लागते, पण तिच्यातले कॅफीन सौम्य असेलच असे नाही. म्हणून घरी ती कशी करावी, किती प्यावी आणि कोणी टाळावी, हे या लेखात एकत्र दिले आहे.

कोल्ड ब्रू म्हणजे नेमके काय?

कॉफीची भरड पूड थंड पाण्यात बरेच तास भिजत ठेवून गाळलेला अर्क म्हणजे कोल्ड ब्रू. दूध, साखर आणि बर्फ घालून मिक्सरमध्ये फिरवलेली आपली नेहमीची कोल्ड कॉफी वेगळी. गरम कॉफी करून बर्फावर ओतली तर ती आइस्ड कॉफी.

लाइट रोस्ट म्हणजे कमी भाजलेल्या बिया. त्यांचा रंग दालचिनीसारखा फिकट तपकिरी असतो आणि चवीत कडवटपणा कमी, फळांसारखा आंबटपणा जास्त असतो. या बिया घट्ट आणि कठीण असतात, त्यामुळे थंड पाण्यात त्यांचा स्वाद हळू उतरतो. डार्क रोस्टची कृती जशीच्या तशी वापरली तर कॉफी पाणचट लागते. मग लोक पूड वाढवतात आणि तिच्याबरोबर कॅफीनही वाढते. पूड वाढवण्यापेक्षा ती थोडी बारीक दळणे आणि वेळ वाढवणे हा योग्य उपाय आहे.

साहित्य आणि कृती

साहित्य: लाइट रोस्ट अरेबिका कॉफी ६० ग्रॅम, पिण्याचे शुद्ध पाणी ५०० मिली, झाकणाची काचेची बरणी, गाळणी आणि कागदी फिल्टर.

१. बरणी, झाकण आणि गाळणी साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढा आणि कोरडी करा.

२. बिया बारीक रव्याएवढ्या दळा. मिक्सर वापरत असाल तर थांबून थांबून फिरवा. पिठासारखी पूड झाली तर अर्क गढूळ आणि कडू होतो.

३. पूड स्टीलच्या पातेल्यात घ्या. उकळून मिनिटभर थांबलेले १०० मिली पाणी तिच्यावर ओता, ढवळा आणि एक मिनिट थांबा. लाइट रोस्टचा स्वाद यामुळे चांगला उतरतो. गरम पाणी थेट काचेच्या बरणीत ओतू नका, बरणी तडकू शकते.

४. उरलेले ४०० मिली थंड पाणी घाला, सगळे बरणीत भरा आणि झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

५. १८ ते २४ तासांनी आधी गाळणीतून आणि मग कागदी फिल्टरमधून गाळा. चोथा पिळू नका. चोथ्यात बरेच पाणी राहते, त्यामुळे साधारण ३८० ते ४०० मिली अर्क मिळेल.

६. पिताना ८० मिली अर्कात १५० मिली पाणी किंवा दूध घाला.

इन्स्टंट कॉफी या कृतीला चालत नाही, ती पाण्यात पूर्ण विरघळते. फिल्टर कॉफीच्या पाकिटात बहुधा चिकोरी मिसळलेली असते. विकत घेताना पाकिटावरचे प्रमाण वाचा आणि चिकोरी नसलेली कॉफी निवडा.

एका ग्लासात कॅफीन किती?

अरेबिका कॉफीत वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफीन असते. म्हणजे ६० ग्रॅम पुडीत सुमारे ७२० मिलिग्रॅम. त्यातले बहुतेक पाण्यात उतरते. त्यामुळे वरच्या कृतीतल्या १०० मिली अर्कात साधारण १२० ते १४० मिलिग्रॅम कॅफीन येते. यावरून हिशेब असा:

- ८० मिली अर्क, पातळ करून: सुमारे १०० मिलिग्रॅम
- २५० मिलीचा ग्लासभर अर्क, पाणी न घालता: ३०० मिलिग्रॅमहून अधिक
- तेवढाच अर्क रोबस्टा कॉफीचा असेल तर: जवळजवळ दुप्पट

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानले जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये हीच मर्यादा दिली आहे. म्हणजे "एकच ग्लास" अर्क एका वेळची मर्यादा सहज ओलांडतो, आणि दिवसभराचा चहा, कोला, एनर्जी ड्रिंक यांचे कॅफीन वेगळेच.

लाइट रोस्टमध्ये कॅफीन जास्त असते का, हा प्रश्न नेहमी येतो. वजनाने मोजले तर फरक नगण्य आहे. चमच्याने मोजले तर लाइट रोस्टची पूड जड असल्याने थोडे जास्त जाते. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा.

कोल्ड ब्रूने ॲसिडिटी होत नाही, हे खरे का?

अर्धे खरे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोल्ड ब्रू आणि गरम कॉफी यांचा पीएच जवळजवळ सारखाच, ४.८५ ते ५.१३ या दरम्यान आढळला. गरम कॉफीत एकूण आम्लांचे प्रमाण मात्र जास्त होते. काही जणांना कोल्ड ब्रू पोटाला हलकी वाटते ती कदाचित यामुळे. पण कॅफीन दोन्हींत असते आणि लाइट रोस्ट मुळातच आंबटसर असतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर असा त्रास असेल तर उपाशीपोटी कोणतीही कॉफी घेऊ नका. रात्री झोपण्याआधीही टाळा. जेवणानंतर थोडी घेऊन पाहा आणि तरीही त्रास झाला तर बंद करा.

साठवण: इथे हयगय नको

गरम कॉफी करताना उकळत्या पाण्याने बरेचसे जंतू मरतात. कोल्ड ब्रूमध्ये तशी संधी नसते, सुरुवातीचे थोडे गरम पाणी त्यासाठी पुरेसे नाही. शिवाय ही कॉफी लोणच्याइतकी आंबट नसल्याने स्वतःहून टिकत नाही. परदेशी कृतींमध्ये "रात्रभर ओट्यावर ठेवा" असे लिहिलेले असते, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३५ अंशांच्या वर जाते. म्हणून भिजवण्यापासून पिण्यापर्यंत बरणी फ्रीजमध्येच, ४ अंश किंवा त्याखालच्या तापमानाला ठेवा.

- गाळलेला अर्क ५ ते ७ दिवसांत संपवा. त्यात दूध किंवा पाणी घातले तर त्याच दिवशी.
- वास बदलला, फेस आला, बुडबुडे दिसले किंवा तवंग आला तर चव न घेता फेकून द्या. वास-चव ठीक असली तरी मुदत संपलेली कॉफी पिऊ नका.
- बर्फ उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचाच करा. दूषित पाण्याच्या बर्फातून कावीळ, टायफॉइड, जुलाब पसरतात. कॉफीमुळे ते जंतू मरत नाहीत.

कोणी टाळावी किंवा जपून घ्यावी?

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया: सगळे स्रोत धरून दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. गरोदरपणात कॅफीन शरीरातून फार हळू बाहेर पडते आणि बाळापर्यंत पोहोचते.

उच्च रक्तदाब: कॅफीनने रक्तदाब काही तासांसाठी वाढू शकतो. रक्तदाब मोजण्याआधी निदान अर्धा तास कॉफी नको. रक्तदाब नियंत्रणात नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

धडधड, हृदयाचे ठोके अनियमित असणे, चिंताविकार, पॅनिक अटॅक: दाट कोल्ड ब्रू टाळलेली बरी.

निद्रानाश: कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. दुपारी दोननंतर कोल्ड ब्रू नको.

ॲनिमिया: कॉफीमुळे पालेभाज्या, डाळी यांतले लोह आणि लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. जेवण किंवा गोळी आणि कॉफी यांत एक ते दोन तासांचे अंतर ठेवा.

मधुमेह: बिनसाखरेच्या काळ्या कोल्ड ब्रूत उष्मांक नगण्य असतात. कंडेन्स्ड मिल्क, सिरप, आइस्क्रीम घातले की ते मिष्टान्न होते.

वाढलेले कोलेस्टेरॉल: कॉफीतला कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक एलडीएल वाढवतो. तो कागदी फिल्टरमध्ये अडकतो, जाळीच्या गाळणीतून मात्र येतो. कागदी फिल्टर वापरायला सांगितले ते यासाठीही.

लहान मुले: देऊ नये.

औषधे चालू असतील तर

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि कॉफी निदान अर्ध्या ते एका तासाने. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुवोक्सामाइन हे मानसिक आजारांवरचे औषध यांच्यामुळे कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल तर दोन्हींचे परिणाम मिळून धडधड आणि मळमळ वाढू शकते. लिथियम घेणाऱ्यांनी कॉफीचे प्रमाण अचानक वाढवू किंवा बंद करू नये. औषध बंद करू नका, कॉफीबद्दल डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

कॉफी प्यायल्यानंतर छातीत दुखणे, थांबत नसलेली धडधड, चक्कर येऊन पडणे, सतत उलट्या, गोंधळल्यासारखे होणे किंवा झटका येणे, यांपैकी काहीही झाले तर घरी वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा किंवा १०८ वर फोन करा. "कॉफीमुळेच असेल" असे गृहीत धरू नका. छातीत दुखण्याची इतर कारणे आधी तपासावी लागतात.

रोज जास्त कॉफी पिणाऱ्यांनी ती एकदम सोडली तर दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, मरगळ, चिडचिड होते आणि ती काही दिवस टिकते. म्हणून आठवडा-दोन आठवड्यांत थोडी थोडी कमी करा.

लक्षात ठेवा

- पूड वजनाने मोजा, अर्क मिलीने मोजा.
- अर्क नेहमी पातळ करूनच प्या.
- निरोगी प्रौढाने दिवसाला वरच्या मापाचे एक, फार तर दोन ग्लास घ्यावेत आणि तेही दुपारच्या आत.
- बरणीवर तारीख आणि "अर्क, पाणी घालून प्यावे" असे लिहून ठेवा. फ्रीज घरातले सगळेच उघडतात.