बेडफर्ड प्रकरण: बखर आणि अस्सल

२५ मे १९९१ रोजी कॅलिफोर्नियात ‘अल्कोर’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी धातूचे एक जुने, आडवे पात्र उघडले. आत स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळलेला एक देह होता. देह जेम्स हायरम बेडफर्ड यांचा. जन्म २० एप्रिल १८९३, मृत्यू १२ जानेवारी १९६७. देह नव्या पात्रात हलवायचा होता आणि त्या थोडक्या वेळात त्याची बाहेरून तपासणी करायची होती. तपासणीचा जो अहवाल तयार झाला, तो या प्रकरणातील सर्वांत मोलाचा कागद. मृत्यूनंतर गोठवलेला हा देह २४ वर्षे ४ महिने खरोखरच गोठलेला राहिला का, या प्रश्नाला कुणाच्या आठवणीवर विसंबून न राहता थेट भिडणारा असा हा पहिलाच कागद आहे.

वि. का. राजवाडे यांनी घालून दिलेली शिस्त मराठी वाचकाला ठाऊक आहे. बखर आणि अस्सल पत्र एका तराजूत घालायचे नाही. बखरीत घटना असते, पण ती सांगणाऱ्याच्या सोयीने मांडलेली असते. अस्सल कागद बहुधा वेगळ्याच कामासाठी लिहिलेला असतो आणि म्हणूनच जास्त खरे बोलतो. बेडफर्ड प्रकरणात दोन्ही प्रकारची साधने हाताशी आहेत. ती क्रमाने पाहू.

आधी पार्श्वभूमी, कारण तिथे वादाला जागा नाही. मिशिगनमधील भौतिकशास्त्राचे शिक्षक रॉबर्ट एटिंजर यांनी अमरत्वाच्या शक्यतेवरचे आपले पुस्तक १९६२ मध्ये स्वखर्चाने छापले. १९६४ मध्ये ते ‘डबलडे’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढले. युक्तिवाद साधा होता. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो. त्या तापमानाला देहातील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. आज असाध्य असलेला रोग उद्याचे वैद्यक बरा करू शकेल, तर तोवर देह थांबवून ठेवावा. ही निव्वळ कल्पनेची भरारीही नव्हती. ग्लिसरॉल वापरून पेशी गोठवून पुन्हा जिवंत करता येतात, हे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये दिसले होते. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड या रसायनाचाही तसाच उपयोग दाखवला. पण हे सारे सुट्या पेशींबाबत होते. अख्खा माणूस ही वेगळी गोष्ट आहे, आणि गोठवलेला एकही माणूस आजतागायत जिवंत झालेला नाही.

इव्हान कूपर यांनी स्थापन केलेल्या ‘लाइफ एक्स्टेन्शन सोसायटी’ने १९६५ मध्ये जाहीर केले की, पहिल्या इच्छुक माणसाला आपण विनामूल्य गोठवू. या घोषणेनंतर दीड-दोन वर्षांत बेडफर्ड यांचे नाव पुढे येते. ते मानसशास्त्राचे प्राध्यापक, व्यवसाय-मार्गदर्शनावरील पुस्तकांचे लेखक. मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पसरला होता आणि त्यावर तेव्हा उपचार नव्हता. वय ७३.

‘पहिला’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. एप्रिल १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका स्त्रीचा देह गोठवण्यात आला होता. मात्र तो मृत्यूनंतर लगेच नव्हे, तर रसायने भरून काही काळ शवागारात ठेवल्यानंतर; आणि पुढे नातलगांनी तो बाहेर काढून पुरला. त्यामुळे बेडफर्ड यांना पहिले म्हणताना अटी जोडाव्या लागतात: मृत्यूनंतर त्वरित, आधीच ठरवून, पुनरुज्जीवनाच्या हेतूने गोठवलेले पहिले. या अटींसह हा दावा टिकतो.

आता १२ जानेवारी १९६७ची हकिगत. तिचे मुख्य साधन म्हणजे ‘वी फ्रोझ द फर्स्ट मॅन’ हे १९६८ मध्ये ‘डेल’ने छापलेले पुस्तक. सांगणारे रॉबर्ट नेल्सन, शब्दांकन सँड्रा स्टॅन्ली यांचे. नेल्सन दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे कारागीर आणि ‘क्रायॉनिक्स सोसायटी ऑफ कॅलिफोर्निया’चे अध्यक्ष. गोठवण्याच्या कामात त्यांच्याबरोबर डॉ. दान्ते ब्रुनॉल आणि रॉबर्ट प्रेहोडा होते. ही तीन नावे इतर साधनांतूनही येतात, तेव्हा ती निश्चित धरायला हरकत नाही. देहाभोवती बर्फ, पुढे घनरूप कार्बन डायऑक्साइड म्हणजे ‘ड्राय आइस’, आणि शरीरात डायमिथाइल सल्फॉक्साइड, एवढा क्रमही पक्का आहे.

बारकाव्यांत मात्र हे पुस्तक बखरीच्या वळणाने जाते. घटना घडल्यावर वर्षभराने, चळवळीचा प्रचार व्हावा म्हणून, दुसऱ्याच्या लेखणीतून ते उतरले. सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न पुढे आणखी गंभीर झाला. नेल्सन यांच्या संस्थेने चॅट्सवर्थच्या दफनभूमीतील तळघरात ठेवलेले देह नायट्रोजन वेळेवर न पोचल्याने वितळले आणि कुजले. नातलग न्यायालयात गेले व १९८१ मध्ये निकाल नेल्सन यांच्याविरुद्ध लागला. याचा अर्थ १९६८चे पुस्तक खोटे, असा नव्हे. पण त्यातील जे विधान दुसऱ्या साधनाने पुष्ट होत नाही, ते ‘नेल्सन सांगतात’ या शब्दांसह वापरावे, इतका अर्थ नक्की होतो.

याच काळातले दुसरे साधन हवे होते ते ‘लाइफ’ या साप्ताहिकातले. सचित्र वृत्तांत फेब्रुवारी १९६७च्या आरंभीच्या अंकासाठी तयार होता, असे या चळवळीचे इतिहासकार लिहितात. २७ जानेवारीला अपोलो-१ यानाला चाचणीदरम्यान आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अंकाची पाने त्या बातमीकडे वळली आणि बेडफर्ड यांचा वृत्तांत आधी छापून गेलेल्या थोड्या प्रतींपुरताच उरला. तटस्थ वार्ताहराच्या नजरेतून झालेली नोंद अशी बहुतेक वाचकांपर्यंत पोचलीच नाही, आणि नेल्सन यांच्या पुस्तकाला मैदान मोकळे मिळाले.

खरा कसोटीचा भाग इथून पुढे आहे. द्रव नायट्रोजनच्या पात्राला वीज लागत नाही, पण नायट्रोजन सतत उडून जात असतो. तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. भरणे थांबले की काही काळाने पात्र कोरडे पडते आणि आतला देह खोलीच्या तापमानाकडे सरकू लागतो. म्हणून ‘देह गोठवला’ या विधानाला इतिहासात फारसे वजन नाही. वजन आहे ते ‘कुणी, कुठून कुठपर्यंत सांभाळला’ याला.

ताब्याची साखळी अशी लागते. आरंभी ॲरिझोनातील फीनिक्स येथे ‘क्रायो-केअर’. मालक एड होप, मूळ धंदा केसांचे टोप बनवण्याचा. तिथे सुमारे दोन वर्षे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘गॅलिसो’ कंपनीकडे. सत्तरच्या दशकात बर्कलीजवळच्या ‘ट्रान्स टाइम’कडे, १९७७ पर्यंत. १९७७ ते १९८२ कोणतीही संस्था नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात देह कुटुंबाच्या, मुख्यतः मुलाच्या देखरेखीखाली. १९८२ पासून ‘अल्कोर’.

या यादीत एक नाव नाही, आणि तीच गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या नेल्सन यांनी गोठवण्याच्या कामात पुढाकार घेतला, त्यांच्या चॅट्सवर्थच्या तळघरात हा देह कधीच गेला नाही. गेला असता तर तिथल्या इतरांसारखीच त्याची गत होण्याचा संभव मोठा होता. १९७४ पूर्वी गोठवलेल्या सर्वांपैकी केवळ बेडफर्ड आज गोठलेल्या अवस्थेत आहेत. बाकीचे देह पैसा, आस्था किंवा नायट्रोजन संपल्याने गेले.

मग हा एकच का टिकला? इथे न्यायालयीन बाजू उपयोगी पडते. बेडफर्ड यांनी मृत्युपत्राने या संशोधनासाठी एक लाख डॉलर ठेवले होते. इतर नातलगांनी हरकत घेतली. मृत्युपत्राचा आणि देहाच्या जतनाचा बचाव करताना पत्नी आणि मुलगा यांचा त्याहून अधिक खर्च झाला. अमरत्वाच्या पुस्तकांत या खर्चाला जागा मिळत नाही. पण साखळीतील प्रत्येक दुवा बदलताना निर्णय कुटुंबाने घेतला, हे लक्षात घेतले तर अनुमान असे निघते की देह टिकण्याचे कारण तंत्रात शोधू नये; ते वारसांच्या चिकाटीत आहे. हे अनुमान माझे आहे. त्याला आधार असा की, ज्यांच्यावर तेच तंत्र वापरले गेले ते देह टिकले नाहीत.

तरीही १९७७ ते १९८२चा दुवा कच्चा राहतो. संस्थेच्या ताब्यात असताना निदान कुणी तिसरा माणूस येता-जाता पाहत असतो. घरच्या ताब्यात साक्षीदारही घरचेच. या पाच वर्षांत, किंवा त्याआधी पात्रे बदलताना, देह एकदा तरी वितळला होता काय? कुटुंबाचा शब्द खोटा मानण्याचे कारण नाही, पण शब्द म्हणजे पुरावा नव्हे. म्हणूनच १९९१च्या अहवालाकडे परत यावे लागते.

अहवालाबाबत पहिली शंका अशी: तो लिहिणारे तटस्थ नव्हते. देह त्यांच्याच ताब्यात होता आणि तो सुस्थितीत असणे त्यांच्या हिताचे होते. या शंकेला उत्तर अहवालातच मिळते, कारण तो स्वतःच्या बाजूला न शोभणाऱ्या गोष्टी लपवत नाही. चेहरा वयापेक्षा तरुण दिसतो, असे त्यात आहे. पण त्याचबरोबर छातीच्या वरच्या भागाची आणि मानेची त्वचा लालसर, रंग बदललेली आहे. नाकातोंडातून आलेले रक्त गोठलेले आहे. डोळे अर्धवट उघडे असून बुबुळांवरचे पारदर्शक पटल बर्फामुळे खडूसारखे पांढरे झाले आहे, हेही आहे. प्रचारासाठी लिहिणारा माणूस या नोंदी गाळतो.

माझ्या मते सर्वांत बोलकी नोंद नाकाची आहे. नाकपुड्या चपटलेल्या आढळल्या. गोठवताना चेहऱ्यावर ठेवलेल्या ड्राय आइसच्या लादीच्या दाबाने त्या चपटल्या असाव्यात, असे तपासणाऱ्यांनी लिहिले. लादी दाबली जात असताना मांस मऊ होते, मग तिथेच घट्ट झाले. हा १९६७च्या जानेवारीचा ठसा १९९१च्या मे महिन्यात जागेवर होता. मधे देह पूर्ण वितळला असता, तर ऊती ढिल्या पडल्या असत्या, द्रव खाली साठला असता, कुजण्याची खूण दिसली असती. त्यांपैकी काही आढळल्याची नोंद नाही. रक्ताच्या नोंदीचा अर्थ लावणे अधिक अवघड. रोग फुप्फुसांत होता. मृत्यूनंतर छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचा प्रयत्न झाला असेल, तर रक्त नाकातोंडाशी येणे शक्य आहे. हा केवळ तर्क आहे.

तपासणाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष शब्दशः तोलून लिहिलेला दिसतो. देहाचे बाहेरचे तापमान या संपूर्ण काळात शून्याखाली, बऱ्यापैकी खालच्या पातळीवर राहिले असावे, एवढेच ते म्हणतात. ‘उणे १९६ वर राहिले’ असे ते म्हणत नाहीत, आणि म्हणू शकतही नाहीत. तापमान उणे १९६ वरून उणे ८० पर्यंत चढून पुन्हा उतरले, तर त्वचेवर आणि नाकावर त्याची खूण उमटेलच असे नाही. ‘बाहेरचे’ हा शब्दही विसरू नये. आतल्या अवयवांबद्दल अहवाल बाहेरून दिसेल तेवढेच सांगू शकतो.

आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मेंदू आतच आहे. रक्ताभिसरण थांबल्यावर टोचलेले डायमिथाइल सल्फॉक्साइड मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत सारखे पोचले असेल, हे संभवत नाही. पुढे या पद्धतीचा आढावा घेणाऱ्यांचे मतही तेच आहे. संरक्षक रसायन न पोचलेल्या ऊतीत पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींची रचना मोडते. याच कारणाने देह गोठवणाऱ्या संस्था पुढे स्फटिक होऊ न देणाऱ्या, काचेसारख्या घट्टपणाकडे नेणाऱ्या मिश्रणांकडे वळल्या. बेडफर्ड यांच्या वाट्याला ते आले नाही.

तेव्हा हिशेब असा मांडता येतो. निश्चित: मृत्यूची तारीख, गोठवणाऱ्यांची नावे, ताब्याची साखळी, आणि १९९१ मध्ये देह गोठलेला होता ही गोष्ट. बहुधा खरे: मधल्या २४ वर्षांत तो कधीही पूर्ण वितळला नाही. नेल्सन यांच्या शब्दावर उभे: पहिल्या रात्रीचे बहुतेक बारकावे. आणि सर्व साधने मिळूनही सिद्ध न होणारे: त्या देहात परत आणण्याजोगे काही उरले आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर नवे साधन मिळणे अशक्य मात्र नाही. गोठलेल्या अवस्थेतच सीटी स्कॅन करून रसायन मेंदूत कुठवर पोचले आणि बर्फ कुठे झाला, हे आता पाहता येते. ‘अल्कोर’ने आपल्या अलीकडच्या प्रकरणांत ते केले आहे. देह १९९४ पासून ॲरिझोनात स्कॉट्सडेल येथे आहे. बेडफर्ड यांच्या मेंदूबद्दल विधान करायचे असेल, तर आधार तिथल्या चित्राचाच घ्यावा लागेल. १९६८चे पुस्तक कितीही वेळा वाचले, तरी त्यातून ते उत्तर निघणार नाही.