घरपरिसरातील गांधीलमाश्या (कुरुंदवाड)

गांधीलमाशी हे बारीक कमरेच्या व डंख मारणाऱ्या अनेक कीटकांना मराठीत सरसकट दिले जाणारे नाव आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे गाव कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेले असून उसाच्या मळ्यांनी वेढलेले आहे. नदीकाठची चिकणमाती, ओलावा आणि शेतातील अळ्या यांमुळे अशा कीटकांना हा परिसर मानवतो. मधमाश्या व मुंग्यांप्रमाणेच ते हायमेनॉप्टेरा गणात मोडतात. डंख फक्त मादी मारते.

== घरट्यावरून ओळख ==
उडत्या माशीचा रंग न्याहाळण्यापेक्षा तिचे घरटे पाहणे अधिक खात्रीचे असते. घरटे मातीचे असेल तर माशी एकटी राहणारी असते आणि घरट्याचे रक्षण करण्यासाठी ती सहसा माणसावर धावून येत नाही. घरटे करड्या कागदासारखे असेल तर ती समूहाने राहणारी असते. तेथे अंतर राखणे आवश्यक ठरते.

== कुंभारीण ==
मातीचे घर करणाऱ्या माश्यांना कुंभारीण म्हणतात. त्यांत दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील स्केलिफ्रॉन ही माशी काळी, पिवळ्या पायांची असून तिची कंबर दोऱ्यासारखी लांब असते. नळाजवळच्या ओल्या जागेवरून ती चिखलाच्या गोळ्या आणते आणि भिंतीवर, चौकटीच्या कोपऱ्यात किंवा फोटोच्या मागे नळीसारख्या खोल्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर मातीचा लेप देते. खोल्यांत ती डंखाने लुळे केलेले कोळी भरते. दुसऱ्या प्रकारातील माशी अधिक भरीव अंगाची, बहुधा तांबूस किंवा काळी-पिवळी असते. ती लहान गाडग्यासारखी खोली घडवते व तीत अळ्या साठवते. तिचे अंडे खोलीच्या छताला बारीक तंतूने टांगलेले असते. मातीच्या घरट्याला गोल भोक पडलेले दिसले, तर त्या खोलीतील माशी बाहेर पडून गेलेली असते.

कुंभारीण अळीला कोंडते आणि काही दिवसांनी आतून कुंभारीणच बाहेर येते, या निरीक्षणातून ‘कीटक-भृंग न्याय’ रूढ झाला: भृंगीचे सतत ध्यान करून कीटक भृंगीच होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये हा कीटक येतो, आणि एकनाथांची टीका याच स्कंधावर असल्याने मराठी वाचकाला तो परिचित आहे. कुरुंदवाडच्या शेजारीच नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र असल्याने या भागात तर तो विशेष ओळखीचा. दृष्टान्त म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. परंतु प्रत्यक्षात कोंडलेली अळी माशी होत नाही. ती अंड्यातून निघालेल्या डिंभाचे अन्न होते.

घरात क्वचित दिसणारी चकचकीत निळी-हिरवी अँप्युलेक्स माशी झुरळाला डंख मारून त्याच्या मिशीला धरून ओढत नेते. तिला मारण्याचे कारण नाही.

== कागदी पोळी ==
लाकडाचे तंतू चावून लाळेत मिसळून केलेल्या लगद्याची ही पोळी असतात. रोपॅलिडिया मार्जिनाटा ही तांबूस तपकिरी, पिवळ्या खुणांची लहान माशी वाशाला किंवा खिडकीच्या वरच्या कडेला देठावर उघडे पोळे टांगते. त्याच्या षट्कोनी खोल्या खालून दिसतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी या जातीच्या समाजजीवनाचा दीर्घकाळ अभ्यास केला असून त्यांचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिची राणी कामकरी माश्यांपेक्षा वेगळी दिसत नाही. थंड देशांतील पुस्तके हिवाळ्यात पोळी आपोआप ओस पडतात असे सांगतात. दक्षिण भारतात या जातीची पोळी वर्षभर नांदती असू शकतात, म्हणून त्या भरवशावर थांबू नये.

यांहून खूप मोठ्या, काळपट अंगाच्या व पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेल्या माश्या व्हेस्पा वंशातील असतात. पट्टा थेट कमरेपासून सुरू होत असेल तर ती व्हेस्पा ॲफिनिस. कमरेलगतचा भाग काळा राहून पुढे पट्टा असेल तर व्हेस्पा ट्रॉपिका. पहिलीचे पोळे झाडावर किंवा वळचणीला लटकणाऱ्या, बाहेरून बंद गोळ्यासारखे असते. दुसरी बहुधा ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीखाली राहते आणि रोपॅलिडियाची पोळी लुटते. ही पोळी घरच्या घरी जाळू किंवा पाडू नयेत. चवताळलेल्या माश्या समूहाने हल्ला करतात. वर्दळीच्या जागी पोळे असल्यास जाणकाराकरवीच काढून घ्यावे. आग्या मोहोळाशीही यांची गल्लत होते, पण त्याचे पोळे मेणाचे, एकाच मोठ्या पडद्यासारखे आणि माश्यांनी झाकलेले असते.

== डंख ==
मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते व ती मरते. गांधीलमाशीची नांगी सहसा अडकत नाही, त्यामुळे तीच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखाची जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चुना लावण्याने विष उतरत नाही. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे वा भोवळ येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असून ती एकाच डंखानेही उद्भवतात. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार असतो. व्हेस्पा माश्यांचे अनेक डंख बसल्यास मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. तो काही तासांनी किंवा दिवसांनी दिसून येतो, म्हणून रुग्णाला बरे वाटत असले तरी त्याची लघवी कमी होत नाही ना, ती गडद होत नाही ना, याकडे लक्ष ठेवून रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.